एक्यूआय हिरवा, तरी मुलं शिंकतायत. सरावाची वेळ ठरवायची तरी कशावरून?

शिट्टी

नमस्कार. मी शाळेत खेळ शिकवते, १७ वर्षं झाली. रोज सकाळी सव्वासहाला मैदानावर असते. सहावी ते नववीची ३४ मुलं पळायच्या सरावाला येतात. शहरातल्या हवेबद्दल पालक विचारायला लागले तेव्हा मी एक नियम केला: उठल्याबरोबर फोनवर एक्यूआय, म्हणजे हवा किती प्रदूषित त्याचा निर्देशांक, बघायचा. हिरवा असला तर मैदान, लाल असला तर हॉलमध्ये दोरीउड्या. पालकांना सांगायलाही सोपं, आकडाच समोर असतो.

आता त्या नियमावरचा माझा विश्वास उडत चाललाय. गेले सात आठवडे मी एक वही ठेवलीय. एका रकान्यात सकाळचा एक्यूआय, दुसऱ्यात शिंकणारी मुलं, तिसऱ्यात खोकणारी. दुसऱ्या फेरीनंतर मुलं पाणी प्यायला थांबतात, तेव्हाच मोजते. नाक गळतंय, डोळे चोळतायत, एकामागून एक शिंका येतायत, अशी मुलं दुसऱ्या रकान्यात. नुसता कोरडा खोकला असेल तर तिसऱ्यात.

२२ तारखेची ओळ अशी आहे: एक्यूआय ४१, शिंकणारी १३, खोकणारी १. दोनच दिवसांनी, २४ला: एक्यूआय १६८, शिंकणारी २, खोकणारी ९. १६८ म्हणजे लाल नव्हता, म्हणून मैदानावरच घेतलं. ही एकच जोडी असती तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण वहीत अशा सहा जोड्या आहेत. हवा चांगली म्हणून ज्या दिवशी खुशाल मैदानावर नेते, त्याच दिवशी मुलांची नाकं वाहतात. माझेही डोळे चुरचुरतात आणि टाळू इतकी खाजते की जिभेने घासत राहावं लागतं.

जिच्यामुळे हे लिहायला बसले ती सातवीतली एक मुलगी. ८०० मीटरला माझ्याकडे तिच्याइतकं सुंदर पळणारं दुसरं कुणी नाही. शेवटची रेघ ओलांडते, भिंतीपाशी जाते, गुडघ्यांवर हात टेकते आणि मग पाच-दहा मिनिटं खोकत राहते. मी विचारलं तर म्हणाली, "बाई, पळताना काही होत नाही. थांबलं की होतं." घरी म्हणतात हवा बदलली की तिला सर्दी होतेच. मला मात्र ते वाक्य रात्री आठवत राहतं.

एक्यूआय नेमकं काय मोजतो आणि काय सोडतो? सकाळऐवजी संध्याकाळी घेऊ का? मुलांना मास्क लावायला सांगू का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा. मुलं माझ्या शब्दावर पळतात, मला अंदाजाने वागायचं नाहीये.

पायवाट

बाई, मीही रोज पळतो, त्यामुळे तुमची काळजी कळते. मैदानाच्या कडेला फुलांची झाडं आहेत का बघा. आमच्या इमारतीसमोर गुलाबी फुलांनी भरलेलं एक झाड आहे. ते फुललं की निम्मा मजला शिंकतो. छाटायचा अर्ज देणार आहोत. आणि एक्यूआय हिरवा असेल तर हवेचा दोष नाही हे नक्की. लाल असेल तेव्हा मी एन९५ लावून पळतो.

सूक्ष्मदर्शी

शिट्टीताई, वही ठेवलीत हे फार मोलाचं काम केलंत. मी निवृत्त होईपर्यंत हवेतले परागकण मोजायचं काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एक्यूआयमध्ये परागकण धरलेलेच नसतात. त्यात पीएम २.५ आणि पीएम १०, म्हणजे अडीच आणि दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड एवढं येतं. काही देशांत आणखी एखाददुसरं. प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढतात आणि त्यातला जो सर्वांत वाईट तो त्या दिवसाचा एक्यूआय म्हणून दाखवतात. गवताचा परागकण साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे पीएम १०च्या यंत्राच्या चाळणीतही तो बसत नाही. हवा परागांनी गच्च भरलेली असली तरी आकडा हिरवाच राहील. त्यात त्याची चूक नाही, ते त्याचं कामच नाही.

आता तुमच्या २२ आणि २४ तारखा. त्या दोन सकाळी वारा कसा होता आठवतंय का? माझा अंदाज असा की २२ला वारा होता आणि २४ला पान हलत नव्हतं. थंड, निवांत सकाळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. ती वर उठत नाही, जणू वर झाकण बसतं. गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली साचतो, आकडा चढतो, घसा जळतो, खोकला येतो. वारा सुटला की धूर पांगतो आणि आकडा उतरतो, पण तोच वारा गवताचे तुरे हलवतो आणि पराग उचलून मैदानभर फिरवतो. म्हणून तुमचे दोन रकाने एकमेकांच्या उलटे चालतात. तुमची वही बरोबर आहे.

पायवाट, तुमचं ते झाड कृपया तोडू नका. मला आयुष्यभर ज्या गोष्टीचं वाईट वाटत आलं ती हीच. डोळ्यांत भरणारं, रंगीत, वासाचं फूल असतं ते मधमाशी-फुलपाखरांसाठी. त्याचे पराग जड आणि चिकट असतात, कीटकाच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात ती झाडं-गवतं, ज्यांचं फूल तुम्हाला फूल म्हणून दिसतही नाही: गवतं, गाजरगवत, रॅगवीड, बर्च, सायप्रस. त्यांना वाऱ्यावरच भिस्त ठेवायची असते, म्हणून ती प्रचंड पराग सोडतात. जपानमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल सुगी नावाच्या देवदाराने लोक हैराण होतात, उत्तर युरोपात वसंतात बर्चने. त्या दिवसांत बाजूला एखादं सुंदर झाड फुललेलं असतं आणि सगळा आळ त्याच्यावर येतो. तुमच्या गुलाबी झाडाच्या खाली काय उगवलंय ते बघा.

अशा शिंका परागांमुळे येतात हे आधी सिद्ध केलं तेही एका त्रासलेल्या माणसानेच. मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली याला दरवर्षी शिंकांनी जीव नकोसा व्हायचा. त्याआधी जॉन बोस्टॉकने १८१९ मध्ये स्वतःच्याच अशा आजाराचं वर्णन लिहून ठेवलं होतं, पण लोक दोष द्यायचे उन्हाळ्याच्या उकाड्याला. ब्लॅकलीने चिकट काचा उघड्यावर ठेवल्या, पतंगाला बांधून उंचावर पाठवल्या, त्यांवरचे पराग मोजले आणि आपल्या त्रासाच्या दिवसांशी पडताळून पाहिले. स्वतःच्या त्वचेवर पराग चोळूनही पाहिले. १८७३ मध्ये त्याने हे सगळं छापलं. तुमची वही त्याच रांगेतली आहे.

तुम्हालाही काच ठेवता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेतली एक स्लाइड घ्या, तिच्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, मैदानाच्या कडेला पावसापासून आडोसा असेल अशा जागी आडवी ठेवा, २४ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली घाला. शंभर पटीत गवताचा पराग वाटोळ्या मण्यासारखा दिसतो आणि भिंग वाढवलं की त्याला एकच भोक, भोकाभोवती कडं असलेलं. गाजरगवताचा त्याहून लहान आणि अंगभर काटे. पाइनचा दोन कानांच्या टोपीसारखा, दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा तास उठलो नव्हतो.

अशा काचेवरून किती घनमीटर हवेत किती पराग ते नाही कळत, कारण जड कण आधी पडतात. आम्ही वापरायचो ते यंत्र हर्स्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये मांडलेल्या नमुन्याचं. मिनिटाला १० लिटर हवा ओढतं, शांत बसलेल्या माणसाच्या श्वासाच्या जवळपास. आतली चिकट पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते, म्हणजे अख्खा दिवस ४८ मिलिमीटरमध्ये. मग एक माणूस डोळा लावून एकेक कण मोजतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पराग-आकडा दुसऱ्या दिवशी हाती येतो आणि कितीतरी शहरांत येतच नाही. तुमच्या मुलांची नाकं सध्या तुमच्याकडचं सगळ्यात ताजं यंत्र आहेत.

एक विचारतो. वहीत वार लिहिलेत का? आणि सरावाच्या आदल्या दिवशी मैदानावर काय चाललं होतं, ते कुणाला माहीत असेल?

रात्रपाळी

मी छातीविकारांच्या विभागात परिचारिका आहे. सरांनी हवेचं सांगितलं, मी नाका-छातीचं सांगते.

शिट्टीताई, आधी त्या मुलीबद्दल. "पळताना नाही, थांबल्यावर होतं" हे वाक्य आम्ही विभागात पुष्कळदा ऐकतो. जोरात पळताना माणूस तोंडाने श्वास घेतो. नाक हवा गाळतं, गरम करतं, ओलसर करतं, ते सगळं वगळलं जातं. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, जीव तोडून पळणारा साठ लिटरच्याही पुढे जातो. कोरडी, परागभरली किंवा धुराची एवढी हवा थेट खाली गेली की संवेदनशील श्वासनलिका आवळतात, आणि ते बहुधा थांबल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत जाणवतं. याला सर्दी म्हणून घरी बसू नका. पालकांना सांगा, डॉक्टरांकडे नेऊन स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसं तपासायची चाचणी) करून घ्या, गरज पडली तर पळवून पुन्हा करतात. खोकला हेच दम्याचं एकमेव लक्षण असू शकतं, घरघर ऐकू आलीच पाहिजे असं नाही. निदान झालं म्हणजे पळणं बंद, असं पालकांना वाटेल. तसं अजिबात नाही. दमा आटोक्यात ठेवून ऑलिम्पिकपर्यंत गेलेले खेळाडू आहेत. तोवर तिला एकदम वेगात सोडू नका. दहा-पंधरा मिनिटं हळू, मध्ये थोडं जोरात, पुन्हा हळू असं अंग गरम करून घ्या. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर एक मिनिट न थांबता रुग्णालयात.

बाकीच्या मुलांचं. खाज हा मोठा धागा आहे. नाक, डोळे, टाळू, कान खाजतात, पाण्यासारखं नाक गळतं, शिंका एका दमात सहा-सात येतात, ताप नसतो, ती बहुतेक ॲलर्जी. घसा जळतो, कोरडा ठसका, खाज नाही, तो धुराचा त्रास. तुमचे दोन रकाने तुम्ही नकळत अगदी बरोबर पाडलेत. पण दोन्ही एकत्र आले की जास्त वाईट. डिझेलच्या धुराचे कण आणि पराग सोबत नाकात गेले तर ॲलर्जीची प्रतिक्रिया नुसत्या परागापेक्षा वाढते, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून रस्त्याकडेच्या बाजूला फेऱ्या घेऊ नका.

नाकाचा स्टिरॉइड स्प्रे डॉक्टरांनी दिला तर लोक दोन दिवस मारतात, "काही होत नाही" म्हणून ठेवून देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि तो रोज मारायचा असतो. दरवर्षी त्याच सुमारास त्रास होत असेल तर तो सुमार यायच्या आधीच सुरू करतात. मारायची पद्धतही चुकते. डोकं मागे टाकायचं नाही, किंचित पुढे झुकवायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला वळतं. हलकेच ओढायचं. घशात कडू लागलं तर जोरात ओढलंत. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की घोळणा फुटतो आणि मग घरचे औषधालाच दोष देतात.

नाक लगेच मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांच्या वर नकोत. नंतर ते थेंबच नाक चोंदवायला लागतात. महिनोन्महिने त्या बाटलीत अडकलेली माणसं मी बघितलीत. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं कच्चं नको. मैदानावरून आल्यावर तोंड, डोळे, केस धुवायचे आणि कपडे बदलायचे, एवढ्यानेही रात्रीच्या शिंका कमी होतात.

मास्कबद्दल: पराग मोठे असतात, साधा तीन पदरी मास्कही बरेच अडवतो. पीएम २.५ ला एन९५ लागतो, तोही कडेने फट न राहता. पण एन९५ लावून मुलांना जोरात पळवू नका. मास्क लावण्याइतकी हवा वाईट असेल तर त्या दिवशी पळणंच नको.

पायवाट

सूक्ष्मदर्शी सर, अर्ज थांबवला. खाली जाऊन बघितलं, झाडाच्या आळ्यात आणि नाल्याकडेला कमरेएवढं पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत माजलंय. रोज तिथूनच ये-जा करतो, कधी लक्ष गेलं नव्हतं. उपटायचं ठरवलंय. आणि घरात हवा शुद्ध करायचं यंत्र घ्यावं का?

सूक्ष्मदर्शी

उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क. त्याने अंगावरही पुरळ उठतं, आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी तर हात लावूच नये. फुलं यायच्या आधी उपटलं तर उत्तम, एक झाड हजारो बिया टाकतं.

यंत्र घ्यायचं तर खरा हेपा फिल्टर बघा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा, आणि खोलीच्या आकाराला पुरेल इतकी सीएडीआर (यंत्र ठरावीक वेळात किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) असलेला. ओझोन सोडणारं नको, ओझोन स्वतःच छातीला वाईट. पण खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवण्यात अर्थ नाही. आणि घरातल्या शिंका वर्षभर असतील तर त्या परागाच्या नसून गादीतल्या धूळकिड्यांच्या असण्याची शक्यता जास्त. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणं हा त्यावरचा स्वस्त आणि चांगला उपाय.

शिट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. सूक्ष्मदर्शी सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला जागच्या जागी उभं केलं. वहीत फक्त तारखा होत्या. काल रात्री दिनदर्शिका घेऊन प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला. शिंकांचे सगळे मोठे आकडे मंगळवारी आणि शुक्रवारी. एकही अपवाद नाही.

आज पहाटे रखवालदार काकांना विचारलं. मैदानाचा अर्धा भाग सोमवारी संध्याकाळी कापतात, अर्धा गुरुवारी. मी सहा वाजता घरी गेलेली असते, मला कधी दिसलंच नाही. कापलेलं गवत रात्रभर तिथेच पडून असतं आणि सकाळी आम्ही त्यावरून पळतो.

मग कुंपणाकडे गेले, तिथे मशीन पोचत नाही. गुडघ्याएवढं गवत, प्रत्येक काडीला तुरा. जवळून बघितलं तर तुऱ्यावर केसाएवढ्या बारीक दोऱ्यांना पिवळे-जांभळे दाणे लोंबत होते. एका तुऱ्याला बोटाने टिचकी मारली तर धुरासारखं काहीतरी पिवळं उडालं आणि माझ्या काळ्या बुटावर बसलं. आणि मला एकदम आठवलं. मुलांच्या काळ्या ट्रॅकपँटवर गुडघ्याखाली असाच पिवळट थर असतो. मी त्याला इतके दिवस धूळ समजून "झटका रे" म्हणत होते, आणि मुलं रांगेत उभी राहून एकमेकांच्या तोंडासमोर झटकत होती. याचं मला फार वाईट वाटलं.

काच ठेवली. विज्ञानाच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक लावून दिला. एकच भोक, भोकाभोवती कडं. वाटोळे मणीच मणी.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. काकांना मी काय सांगू? शाळा मशीन बदलणार नाही. आणि पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते ना, तेव्हा निर्धास्त घ्यायचा का सराव?

हिरवळ

मैदानांची निगा हेच माझं काम. काकांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की गवत फुलतं.

तुरा निघायच्या आधी कापलं तर परागाचा प्रश्नच बराचसा मिटतो. म्हणजे ठरलेल्या वाराऐवजी गवत बघून कापायचं. काडीचा वरचा भाग, म्हणजे पोटरी, फुगलेली दिसली, तुरा बाहेर डोकावायला लागला, की दुसऱ्या दिवशी मशीन. उशीर झालाच असेल तर गवताला दव किंवा ओल असताना कापा, पराग उडत नाहीत. फार ओलं मात्र नको, मशीन चोंदतं. मागे गवत गोळा करायची पेटी असेल तर लावायला सांगा, नसेल तर दाताळ्याने ओढून लगेच बाहेर. पडून राहिलेल्या ओल्या गवतावर बुरशी धरते आणि बुरशीच्या बीजाणूंनीही शिंका येतात. कुंपणाकडचं कोयत्याने हाताने काढा, तिथे पीक घेतल्यासारखं पराग वाढत असतो. आणि धावपट्टी सुकी झाडू देऊ नका. आधी पाण्याचा शिडकावा, मग खराटा. कापणाऱ्या माणसाला मास्क आणि चष्मा द्या, सगळ्यात जास्त तोच खातो.

शक्य असेल तर आठवड्याची शेवटची शाळा सुटल्यावर अख्खं मैदान एकदम कापून घ्या. मधले दोन दिवस मिळतात.

सूक्ष्मदर्शी

पावसाचं सांगतो. शांत, तासभर लागून राहिलेला पाऊस हवा खरंच धुतो. त्यानंतरची सकाळ मुलांसाठी सगळ्यात चांगली. पण गवत फुललेल्या दिवसांत गडगडाट करत येणाऱ्या वादळाची सुरुवात वेगळी. परागाला एकदम पाणी लागलं की तो फुगून फुटतो. गवताच्या एका परागातून सुमारे ७०० पिठूळ कण बाहेर पडतात, तेही अडीच मायक्रॉनहून लहान. अख्खा पराग नाकातच अडकतो, हे कण थेट फुप्फुसात खोल जातात. वादळाचा थंड झोत त्यांना जमिनीलगत ढकलतो.

२१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये हेच झालं. संध्याकाळी वादळ आलं आणि पुढच्या तीसएक तासांत नेहमीपेक्षा ३,००० हून अधिक माणसं श्वासाच्या त्रासाने रुग्णालयांत आली. १० जण दगावले. त्यातल्या कित्येकांना आधी दमा म्हणून कधी निदानही झालेलं नव्हतं, नुसत्या हंगामी शिंका होत्या. म्हणून ढग गडगडायला लागले, थंड वारा सुटला, की शिट्टी वाजवा आणि मुलांना आत घ्या. खिडक्या लावा. "बाई, जरा भिजू द्या ना" म्हणतील, पण तेव्हा ऐकू नका.

वेळेबद्दल: गवतं बहुतेक सकाळी ऊन वर आलं, दव सुकलं की पराग सोडतात. म्हणून दव असेपर्यंत, म्हणजे तुमची सव्वासहाची वेळ परागाच्या दृष्टीने वाईट नाही. फक्त आदल्या संध्याकाळचं कापलेलं गवत तिथे नको. पण निवांत, गार सकाळी तीच वेळ धुराच्या दृष्टीने वाईट. संध्याकाळीही हवा गार होताना वर गेलेले पराग खाली उतरतात आणि उन्हाच्या दिवसांत दुपारी ओझोन वाढतो, त्यामुळे एकच वेळ बारा महिने बरोबर असं नाही. पान हलत नसेल तर एक्यूआय बघा, वारा असेल तर गवत बघा. आणि एक्यूआय हिरवा म्हणजे हवा निर्मळ असंही नाही. प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सुचवलीय. फोनवर निर्देशांकाच्या खाली पीएम २.५ चा खरा आकडा दिलेला असतो, तो बघायची सवय लावा.

रात्रपाळी

त्या मुलीचं काय झालं ते जरूर कळवा. आणि एक: त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करायची ठरली तर आधी डॉक्टरांना विचारून सेटिरिझिनसारख्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटं "काही नाही" दाखवते. नाकाच्या स्प्रेने सहसा अडत नाही. चाचणीच्या दिवशी हे कळून परत गेलेली मुलं खूप बघितलीत, म्हणून आधीच सांगते.

शिट्टी

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय.

काकांनी मैदान आता शुक्रवारी शाळा सुटल्यावर एकदम कापायला घेतलं. कुंपणाकडचं गवत त्यांनी आणि मी मिळून दोन संध्याकाळी कोयत्याने काढलं. त्यांना मास्क आणि चष्मा आणून दिला. पहिल्या दिवशी काढून ठेवला, दुसऱ्या दिवशी न सांगता लावला. म्हणाले, "बाई, रात्री डोळे चुरचुरले नाहीत." इतकी वर्षं त्यांचे डोळे चुरचुरतायत हे मला माहीतच नव्हतं.

वहीत आता चार रकाने आहेत: पीएम २.५, वारा आहे की नाही, शिंकणारी, खोकणारी. काल मंगळवार होता. वारा भरपूर, शिंकणारी ४. आधीच्या मंगळवारांना ११, १३, १० असायची. चार अजून आहेतच. त्यांच्या पालकांशी बोलले, दोघं डॉक्टरांकडे जाऊन आले. खोकणाऱ्यांचा रकाना मात्र फारसा हललेला नाही. निवांत सकाळी पीएम वाढलेलं असलं की आता मैदानावर फक्त ताणाचे व्यायाम घेते, पळणं नाही. एका वर्गाच्या पालकांनी विचारलं, "हिरवं नाही म्हणून बंद का?" मी वही दाखवली.

त्या मुलीच्या आईला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "नेते, पण तिचं पळणं बंद करायला सांगतील." मी म्हटलं, नाही सांगणार, मी सोबत येते. गेलो. पळवून पुन्हा स्पायरोमेट्री केली. दमा निघाला. डॉक्टरांनी रोजचा इनहेलर दिलाय, स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून कसा घ्यायचा ते तिच्याकडून दोनदा करून घेतलं आणि पळणं चालू ठेवायला सांगितलं. लगेच आराम देणारा दुसरा इनहेलर आता माझ्या शिट्टीच्या पिशवीत असतो. तो कुठल्या कप्प्यात आहे ते अख्ख्या तुकडीला माहीत आहे.

परवा तिने ८०० मीटर पूर्ण केलं आणि सवयीने भिंतीपाशी जाऊन गुडघ्यांवर हात टेकले. मी घड्याळ लावून बाजूला उभी राहिले. सात मिनिटं झाली, आठ झाली. तिने मान वर करून विचारलं, "बाई, अजून थांबू का?"

कुंपणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पुन्हा पोटऱ्या फुगल्यात. काका म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांबायला नको, उद्याच दव असताना घेतो.